काटा नको

भोसरीत गुरुवारी वीज नसते,
म्हणून पंधरा बॅचना नऊ दिवस लागले.

साखरेचे दाणे, खसखशीहून थोडे मोठे.
खालून गरम हवा, दाणे कारंज्यासारखे उसळतात,
मधल्या नळीतून औषधाचं पाणी, मिनिटाला काही ग्रॅम.
थर. वाळला की वर थर.
रक्तदाबाचं औषध, दिवसभर पुरायला हवं;
एकदम सुटलं तर माणूस जिन्यातच बसेल.

नवनाथ गजरमल काचेला कपाळ टेकून म्हणाले,
"मॅडम, हा तर हलवा."
त्यांची मावशी गुरुवार पेठेत
पौषातल्या पहाटे परातीखाली शेगडी घेऊन बसायची,
तिळावर चमचाभर पाक, मग बोटं फिरत राहायची,
फिरत राहायची, चौथ्या दिवशी काटे.
"तिला काटा हवा असायचा,
तुम्हाला नको. एवढाच फरक."

एवढाच.
आणि काटा नको म्हणजे किती नको,
ते मला आकड्यात लिहून द्यायचं होतं.

तीन खुंट्या: हवेची ऊब, पाण्याचा वेग,
आणि थेंब फोडणारा दाब.
प्रत्येकीला तीन जागा, उणे एक, शून्य, अधिक एक.
तक्ता छापून मी पॅनेलच्या दाराला चिकटवला.

गजरमल चिडले.
"ही काय लॉटरी? पंचेचाळीस, मग पासष्ट, परत पंचेचाळीस?
जिना चढतात तसं चढू की."
म्हटलं, काका, तसं चढलो
तर दुपारचा उकाडा, पिशवीवर साचलेली धूळ, तुमची झोप,
सगळं तापमानाच्या खात्यावर जमा होईल.
चिठ्ठ्या टाकल्या की कुणावर उगाच आळ येत नाही.

ते गप्प झाले.
मागच्या वर्षी एक बॅच वाया गेली,
तेव्हा रिपोर्टात त्यांचं नाव होतं.

दुसरी, नववी, चौदावी: तिन्ही खुंट्या शून्यावर.
तेच दाणे, तेच पाणी, तोच माणूस,
आणि तीन वेगळी उत्तरं.
"मग चुकलं कोण?"
कुणीच नाही. हिला चूकच म्हणतात,
पण हिच्यापुढे सहीची रेघ नसते.
गजरमल म्हणाले, हे छापून द्या.

चौथी: पाणी जोरात, ऊब कमी.
दाण्यांनी एकमेकांचे हात धरले ते सोडलेच नाहीत.
चिक्कीची वडी निघाली भांड्यातून.
सातवी: ऊब जास्त, पाणी हळू.
थेंब दाण्यापर्यंत पोचलेच नाहीत,
वाटेतच वाळले, औषध पीठ होऊन पिशवीत.
अकरावीला दोन्ही जास्त.
गजरमलांनी बटण दाबलं आणि दोन पावलं मागे सरकले.
बाहेर नाशिक रस्त्यावर ट्रक ओळीने उभे, हॉर्न.
आत दाणे वर, खाली, वर. सुटे.

बावीस वर्षं, ते म्हणाले,
चिकटलं की पाणी कमी करायचं,
उडालं की ऊब कमी करायची.
एका वेळी एकच खुंटी, असं शिकवलेलं.
दोन्ही मिळून वाढवावं, हे कुणाला सुचणार?

रात्री पडद्यावर टेकडी उमटली.
सरळ पूर्वेला गेलं तरी उतार, सरळ उत्तरेला तरी उतार,
मधून तिरपी एक सोंड, तीच वर जाणारी.
गजरमल बराच वेळ बघत होते. मग म्हणाले,
"मावशी पाक जास्त घालायची ना,
तेव्हा डाव्या हाताने फुंकणी उचलायची.
निखारा फुलवायची.
मी समोर बसलेला असायचो.
बघत असायचो पाकाकडे."

सोळावी बॅच, सोंडेच्या माथ्यावर.
अंदाज चौऱ्याण्णव पूर्णांक एक, हाती आले त्र्याण्णव पूर्णांक सहा.
चाळणीवर चार जोडगोळ्या राहिल्या.
भिंगाखाली एका दाण्याला
इवलासा काटा.

गजरमल वाकले, बघितलं,
"हा लिहिणार?"

लिहिला.
त्यांनी नाव विचारलं नाही, मी घातलं नाही.